वस्तऱ्याची मूठ आणि आपली पदवी

वस्तरा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर न्हाव्याची धोकटी येते. वस्तरा ही दुसऱ्या कोणीतरी वापरायची वस्तू. ती बनवणारा तर आणखी तिसराच. त्यामुळे "सध्या वस्तरा बनवतोय" असं मी पुण्याला फोनवर सांगितलं, तेव्हा पहिला प्रश्न आला, "नोकरी ठीक आहे ना रे?"

नोकरी उत्तम आहे. पण मी राहतो इंग्लंडात शेफील्डला. सुऱ्या, कात्र्या आणि वस्तऱ्यांचं हे गाव. इथल्या कारागिरांची संघटना १६२४ साली कायद्यानं स्थापन झाली. शेजारचे एक निवृत्त फिटर आजोबा शनिवारी आपल्या शेडमध्ये मला हे काम शिकवतात.

मंडळी, वस्तरा ही दिसायला साधी आणि करायला महाकठीण वस्तू आहे. पोलादाची पट्टी कापून, कानशीनं आकार देऊन आधी भट्टीत घालायची. साधारण ८०० अंशांना पोलाद लालबुंद होतं आणि त्याला लोहचुंबक चिकटेनासं होतं. मग ते तेलात बुडवायचं. आपले लोहार ज्याला 'पाणी देणं' म्हणतात ते हेच. आता पोलाद इतकं कडक होतं की खाली पडलं तर काचेसारखं तुटेल. म्हणून दोनशेच्या आसपास अंशांवर दोन तास पुन्हा तापवायचं. त्याला स्वयंपाकघरातला ओव्हनही चालतो (घरच्यांची परवानगी काढावी!). त्यानंतर पातं दोन्ही बाजूंनी घासून पोकळ करायचं, तेही सारखं पाण्यात बुडवत. पात्यावर निळी झाक आली की तिथलं पाणी उतरलं समजा.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वस्तऱ्याची पाठ. धार लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवतात. पातं २० मिलिमीटर रुंद आणि पाठ साडेपाच मिलिमीटर जाड ठेवली, की धारेचा कोन आपोआप १६ अंशांच्या आसपास येतो. कोनमापक नको की काही नको. हे ज्यानं पहिल्यांदा शोधलं त्याच्याकडे पदवी नसणार, पण तो इंजिनिअरच होता.

मग मूठ. मी अक्रोडाच्या गाठीचं लाकूड निवडलं, कारण त्यातली नक्षी ढगांसारखी दिसते. पण गाठीतले तंतू वेडेवाकडे, म्हणजे ताकद कमी. म्हणून तीन मिलिमीटरच्या फळीला आतून पितळेचा पातळ पत्रा चिकटवला. दोन फळ्या, शेवटाला एक छोटी पाचर, पितळेच्या खिळ्या आणि त्यांची डोकी हातोडीनं हळूहळू ठोकून बसवलेली. मिटताना धार लाकडाला कुठेही लागता कामा नये. वर तेलाचे हात द्यायचे, नाहीतर लाकूड पाणी पिऊन फुगतं. शोभा आणि हिशोब एकाच वेळी सांभाळायचे!

आता मुद्द्याचं. दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये जेम्स स्टोडार्ट नावाचा हत्यारं बनवणारा कारागीर होता. आपले वस्तरे आणि शस्त्रक्रियेची हत्यारं हिंदुस्थानातल्या 'वूट्झ' पोलादाची आहेत आणि ते युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा सरस आहे, अशी त्याची जाहिरातच होती. दक्षिण भारतातले लोहार हे पोलाद मातीच्या मुशीत बनवत. हाच स्टोडार्ट मायकेल फॅरडेबरोबर प्रयोगशाळेत बसला आणि १८२० साली दोघांनी पोलादाच्या मिश्रधातूंवर निबंध छापला. फॅरडे स्वतः लोहाराचा मुलगा.

म्हणजे उत्तम पोलाद आपलं, आणि त्यावरचा निबंध त्यांचा. परक्या राज्यात आपल्या भट्ट्या विझल्या हे खरंच. पण आपल्याकडे भाता चालवणारा आणि पोथी वाचणारा एका पंगतीला बसत नव्हते, याचा दोष इंग्रजांवर टाकता येणार नाही. ज्ञान हातात राहिलं, वहीत आलं नाही. हात थांबले तेव्हा तेही गेलं.

आणि आजही फार बदललं आहे असं वाटत नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा फिटिंगचा जॉब बाहेरून करून आणणारी मुलं तुम्हालाही माहीत असतील. कानस धरणं म्हणजे कमीपणा, ही शिकवण कुठल्याही पुस्तकात नाही, तरी सगळ्यांना पाठ आहे.

इथे सगळं आलबेल होतं असंही नाही बरं का. शेफील्डमधले सहाणेवर काम करणारे कामगार दगड-पोलादाची धूळ छातीत जाऊन तरुणपणीच मरत. मी मास्क लावून हौस म्हणून घासतो. त्यांना पोटासाठी घासावं लागे. हा फरक विसरून कारागिरीचे गोडवे गाऊ नयेत. कारागिराला मान द्यायचा म्हणजे त्याला चांगला दाम आणि सुरक्षित श्वासही द्यायचा.

पण एक गोष्ट आपण आजपासून करू शकतो. तुमच्या गावात अजून कोणी विळ्या-कोयत्यांना पाणी देणारा असेल, तर आपल्या इंजिनिअर मुलाला चार दिवस त्याच्याकडे पाठवा. फुकट नव्हे, फी देऊन. जाताना वही न्यायला सांगा, आणि वहीवर लेखक म्हणून पहिलं नाव त्या लोहाराचं घालायला सांगा.