प्रार्थना झाली, आता दहा मिनिटे बसा



राष्ट्रसंत तुकडोजी महाराज कोण, हे झरी जामणीच्या माणसाला सांगावे लागत नाही. खंजिरी वाजली की पाय आपोआप थांबतात. पण भजन कानात राहिले आणि माणूस विसरला, असे तर झाले नाही ना? जिल्हा बैठकीला निघण्याआधी आपण सर्वांनी याचा विचार करावा, असे आम्हाला वाटते.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. घर गरिबाचे. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. तरुणपणी ते घर सोडून रामटेक, सालबर्डीच्या रानात राहिले, ध्यानधारणा केली. देव शोधायला रानात गेलेले पुष्कळ आहेत. हा माणूस रानातून परत गावात आला, हे त्यांचे वेगळेपण. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज उभा केला. १९४२ च्या आंदोलनात इंग्रज सरकारने त्यांना चंद्रपूरला पकडून तुरुंगात टाकले. नुसते टाळ कुटणाऱ्याला कोणते सरकार भिते?

१९५५ साली त्यांची ग्रामगीता आली. अध्याय ४१. ग्रंथ वाहिला तो गावालाच. त्यात देवदर्शन आहे, तसा गोवंशसुधारही आहे. संघटनशक्ती आहे, महिलोन्नती आहे, लग्न आणि अंत्यसंस्कारही आहेत. म्हणजे आपल्या घरातली, गोठ्यातली, चावडीवरची एकही गोष्ट त्यांनी परमार्थाबाहेर ठेवली नाही.

आता एक कावा ओळखा. लग्नात, तेरवीत उधळपट्टी करू नका, असे महाराज सांगत. ते खरेच आहे आणि आपण ते पाळलेच पाहिजे. पण त्याच शब्दांचा आधार घेऊन काही शहाणे व्यासपीठावरून सांगतात की शेतकरी स्वतःच्या खर्चाने बुडाला. त्यांनी ग्रामगीतेतला श्रमसंपत्तीचा अध्यायही वाचावा. कष्ट हीच खरी संपत्ती, असे मानणारा संत कष्टकऱ्यालाच चोर कसा ठरवील? पावसाने खंड दिला, दुबार पेरणी करावी लागली, वेचणीची मजुरी अंगावर आली आणि कापसाचा भाव दुसऱ्यानेच ठरवला, तर यात लग्नाच्या मांडवाचा दोष किती?

आत्महत्यांमुळे आपल्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशभर गेले. दुःख याचे की बहुतेक वेळा शेजाऱ्यालाही आधी काही कळलेले नसते. कर्ज झाले की माणूस लाजतो, चारचौघांत यायचे टाळतो, आतल्या आत कुढतो. कर्ज जेवढे मारते, तेवढेच एकटेपण मारते.

महाराजांची सामुदायिक प्रार्थना नेमकी यासाठी कामी येते. जातपात, धर्मपंथ बाजूला ठेवून सारे गाव रोज एका सतरंजीवर बसावे, हा तिचा गाभा. आपल्या तालुक्यात गोंड, कोलाम, कुणबी, तेलुगू बोलणारे, सारेच राहतात. पोडावरचा माणूस आणि गावातला माणूस एका रांगेत बसले, तर निम्मे काम तिथेच झाले. पण आपण काय करतो? प्रार्थना संपली की धोतर झटकून उठतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. प्रार्थनेनंतर दहा मिनिटे बसून राहा. आज कोण आला नाही, ते पाहा. कुणाची पऱ्हाटी वाळली, कुणाला बँकेची नोटीस आली, कुणाचा बैल मेला, ते विचारा. मायबहिणींनाही बोलू द्या, घरातला घोर त्यांनाच आधी कळतो. जो आला नाही, त्याच्या घरी दोघांनी त्याच रात्री जावे. उपदेश करायला नाही, नुसते बसायला. बँकेत जायचे असेल तर त्याला एकटे पाठवू नका. सोबत चौघे जा.

११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज गेले. दरवर्षी पुण्यतिथीला आपण मोझरीची वाट धरतो. जरूर धरावी. पण त्याआधी शेजारच्या अंधारलेल्या घराची वाट धरा. रानातून गावात परतलेल्या संताला तीच वंदना पोचेल.