अपडेट आले, आज्ञा अडल्या
वृत्तविश्लेषण / प्रतिनिधी

परभणी : प्रोग्रॅममध्ये एका अक्षराचाही बदल केलेला नाही, तरीही काल चालणारी आज्ञा आज संगणक स्वीकारत नाही. संगणकाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना अनेकदा येणाऱ्या या अनुभवामागे बहुतेक वेळा त्यांची चूक नसते. बदललेले असते ते कोड लिहिण्याचे साधन, म्हणजेच कोड एडिटर.

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणलेला 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' हा एडिटर विनामूल्य आहे. त्यामुळे परभणी, सेलू, जिंतूर किंवा गंगाखेड येथील विद्यार्थ्याला पुण्यातील हिंजवडीच्या अभियंत्याच्याच हातातील साधन वापरता येते. हा लाभ मोठाच आहे. मात्र या एडिटरची नवी आवृत्ती मूळ मांडणीनुसार पार्श्वभूमीवर आपोआप उतरते आणि एडिटर पुन्हा सुरू होताच लागू होते. मोठ्या कंपन्यांत अशा बदलांवर देखरेख करणारा स्वतंत्र विभाग असतो. लहान महाविद्यालयात हा भार बहुधा शिकविणाऱ्या प्राध्यापकावरच पडतो. साधन समान, आधार मात्र असमान, असा हा प्रश्न आहे.

बिघाड नेमका कोठे?

एडिटरमधील टर्मिनल स्वतः कोणतीही आज्ञा पार पाडत नाही. ते आज्ञा 'शेल'कडे सोपविते आणि शेल 'पाथ' या यादीत नोंदविलेल्या फोल्डरांत संबंधित प्रोग्रॅम शोधतो. यादीत पत्ता नसेल, तर पायथन संगणकावर असूनही 'अशी आज्ञा ओळखता येत नाही' असा इंग्रजी संदेश झळकतो. एडिटर उघडा असताना पायथन बसविले तरी हेच घडते. कारण एडिटरजवळ जुनीच यादी असते. त्याच्या सर्व खिडक्या बंद करून तो पुन्हा उघडणे, हा यावरचा पहिला उपाय.

दुसरे कारण शेल बदलण्याचे. टर्मिनलचा शेल ठरविणाऱ्या जुन्या सेटिंग २०२१ मध्ये बाद ठरवून त्यांच्या जागी 'प्रोफाइल' पद्धत आणण्यात आली. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टऐवजी पॉवरशेल उघडला, की काही सवयीच्या आज्ञा अडतात. शिवाय विंडोजच्या घरगुती व कार्यालयीन आवृत्त्यांत पॉवरशेल मुळातच स्क्रिप्ट चालवू देत नाही. त्यामुळे 'एनपीएम'सारखी आज्ञा सुरक्षेच्या कारणाने नाकारली जाते. अशा वेळी सर्व निर्बंध उठविणे धोक्याचे ठरते. टर्मिनलमध्ये कमांड प्रॉम्प्ट निवडणे, अथवा केवळ स्वतःच्या खात्यापुरते 'रिमोट साइन्ड' धोरण लागू करणे पुरेसे असते.

निदानाची सोपी कसोटीही आहे. तीच आज्ञा एडिटरबाहेर, विंडोजच्या स्वतंत्र कमांड प्रॉम्प्टमध्ये देऊन पाहावी. तेथे ती चालली, तर दोष एडिटरच्या मांडणीत किंवा त्याच्या शेलमध्ये. तेथेही अडली, तर दोष पाथमध्ये किंवा प्रोग्रॅमच्या स्थापनेत. 'व्हेअर' ही आज्ञा प्रोग्रॅमचा पत्ता दाखविते. ही पाच मिनिटांची तपासणी माहीत नसल्याने सर्व काही काढून पुन्हा बसविण्यात दिवस वाया जातो. त्याहून वाईट म्हणजे, 'आपल्याला हे जमणारे नाही' असा नवख्या विद्यार्थ्याचा समज होतो.

जुन्या यंत्रांची कोंडी

तिसरे कारण जुन्या प्रणालींचे आहे आणि ते केवळ ग्रामीण भागापुरते नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या १.८६ या आवृत्तीने लिनक्सवरील 'जीलिबसी' या मूलभूत ग्रंथालयाची किमान २.२८ आवृत्ती आवश्यक केली. त्यामुळे उबुंटू १८.०४ आणि सेंटओएस ७ वर चालणाऱ्या सर्व्हरशी जगभरातील अनेकांचा संपर्क तुटला. ओरड झाल्यावर मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच वर्षभराची सवलत दिली. तीही २०२५ मध्ये संपली. विंडोज ७ वापरणाऱ्यांसाठी तर २०२२ ची १.७० हीच अखेरची आवृत्ती ठरली. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा जुन्या संगणकांवर चालणाऱ्या प्रयोगशाळांना ही अडचण पुढेही येणार, हे उघड आहे.

मग अपडेटच बंद करावे काय? तसे केल्यास सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात. पण न तपासलेले अपडेट एकाच वेळी सर्वत्र पोहोचल्यास काय होते, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले आणि विमानसेवाही विस्कळीत झाली. त्यानंतर त्या कंपनीनेही टप्प्याटप्प्याने वितरणाचा मार्ग स्वीकारला.

हाच मार्ग प्रयोगशाळांनाही परवडणारा आहे. सत्र सुरू असताना एडिटरच्या सेटिंगमध्ये अपडेट 'मॅन्युअल' ठेवावे. सुटीत एका संगणकावर नवी आवृत्ती तपासावी आणि मगच ती इतरत्र बसवावी. त्यासाठी खर्च लागत नाही. लागते ती नोंदवही आणि ठरलेली जबाबदारी. परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्या विद्यापीठाने प्रात्यक्षिक परीक्षेसाठी सॉफ्टवेअरची आवृत्ती सत्रारंभीच निश्चित केली, तर बदललेल्या एडिटरचा फटका विद्यार्थ्याच्या गुणांना बसणार नाही.