पंधरा मिनिटांचे गाणे

६ सप्टेंबर २०१९ रोजी तुर्कस्तानातल्या शनिशेर या रॅपरने ‘सुसामाम’ हे गाणे आणले. नावाचा अर्थ, ‘मला गप्प बसवत नाही’. डझनाहून अधिक रॅपर त्यात पाळीपाळीने येतात. पडद्यावर विषय उमटतो, निसर्ग, दुष्काळ, न्याय, स्त्रियांचे हक्क, शिक्षण, आणि पुढचा गडी बोलू लागतो. शनिशेर मात्र आधी स्वतःलाच धारेवर धरतो. राजकारणाशी घेणेदेणे न ठेवता वाढलो, कधी मत दिले नाही आणि आज ट्वीट करायचीही भीती वाटते, असे तो सांगतो. आपल्यासारख्या सज्जन, गप्प माणसाच्या हे जिव्हारी लागते.

गाणे जवळजवळ पंधरा मिनिटांचे आहे, आणि मला त्याची लांबीच सर्वात धीट वाटते. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकले की एक ऐकणे मोजले जाते. दोन मिनिटांच्या गाण्याला जी मोजणी, तीच पंधरा मिनिटांच्या गाण्याला. म्हणून गाणी आखूड होत गेली, आणि तुर्की रॅपमध्येही महागड्या गाड्या अन् ब्रँडची नावे वाढली. अशा बाजारात इतक्या जणांनी मिळून एवढे लांब गाणे करणे, ही संगीतधंद्यावर शब्दाविना केलेली टीकाच आहे.

तुर्की रॅपची मुळे जर्मनीत आहेत. १९९२ मध्ये म्यॉल्न येथे आणि १९९३ मध्ये झोलिंगेन येथे तुर्की कुटुंबांची घरे पेटवली गेली, माणसे जळून मेली. तिथली स्थलांतरितांची मुले तो संताप रॅपमधून मांडू लागली; १९९५ मध्ये ‘कार्टेल’ या रॅप गटाचा अल्बम आला आणि तुर्कस्तानातही गाजला. पुढे जेझासारख्या रॅपरांनी हे रॅप इस्तंबूलमध्ये रुजवले.

बोलण्याची किंमत मोजावी लागतेच. गाण्यांतून अमली पदार्थांना उत्तेजन दिल्याच्या आरोपावरून एझेल हा रॅपर मे २०१८ मध्ये तुरुंगात गेला, जूनमध्ये निर्दोष सुटला. ‘सुसामाम’वरही सत्ताधारी गोटातून टीकेची झोड उठली. गाणे तोवर लाखोंनी ऐकले होते.

त्या गाण्यासारखा दिवाळी अंक हाही लांब लिहू देणारा, घाई न करणारा प्रकार आहे. म्हणून आमच्या लेखकांना आम्ही शब्दमर्यादा घातली नाही. अवघड विषय टाळू नका, एवढेच सांगितले. वाचकहो, तुम्हीही अंक चाळू नका, सवडीने वाचा. न पटलेले आम्हाला पत्राने अवश्य कळवा.