नव्या वस्तूचा धनी

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. शेतकरी औत धुऊन ठेवतो, सुतार रंधा आणि करवत, शिंपी आपलं मशीन. घरोघरी पाटावर विळी, अडकित्ता, खलबत्ता यांच्या शेजारी आता मिक्सर, लॅपटॉप आणि स्कूटरची किल्लीही दिसते. ज्यांच्या जोरावर आपलं रोजचं चालतं त्या वस्तू वर्षातून एकदा नीट पुसाव्यात, त्यांना फूल वाहावं आणि तेवढा दिवस त्यांच्याकडून काम घेऊ नये, ही रीत मला फार मोलाची वाटते. वस्तूंवर माणसाचा जीव जडतो हे आपल्या जुन्या माणसांनी उघडपणे मान्य केलं होतं. मग घरात नवी वस्तू आली की होणारा आनंद आपण लपवतो कशाला? खोकं फोडायच्या आत कुणीतरी विचारतं, ‘काही अडलं होतं का हिच्यावाचून?’ आणि आणणारा घाईघाईने सवलत किती मिळाली ते सांगायला लागतो.

मला नव्या वस्तू आवडतात आणि ते सांगायला संकोच वाटत नाही. माहितीपत्रक पहिल्या पानापासून वाचायला आवडतं, वस्तू आतून कशी चालते ते समजून घ्यायला त्याहून आवडतं. पण एवढ्या वर्षांच्या संसारात एक गोष्ट पक्की कळली आहे. दुकानातला आनंद विकत घेणाऱ्याचा असतो. घरातला आनंद सुरू होतो तो वस्तू दुसऱ्याच कुणाच्या हातात जाते तेव्हा. आणणारा एक आणि धनी भलताच, असं जिथे झालं तीच वस्तू आमच्या घरात रुळली.

पंख्यांचंच घ्या. नवऱ्याने खोल्यांमधले जुने पंखे काढून बीएलडीसी मोटरचे बसवले ते विजेच्या बिलाकडे बघून. हिशेब सोपा आहे. साधा पंखा पूर्ण वेगात ७० ते ८० वॅट वीज घेतो, हा तीसच्या आसपास. रात्रीचे दहा तास धरले तर एका पंख्यामागे रोज जवळजवळ अर्धं युनिट वाचतं. साध्या पंख्याच्या फिरणाऱ्या भागातही वीज खेळते आणि तिचा काही वाटा उष्णता होऊन वाया जातो. नव्या पंख्याच्या फिरणाऱ्या भागात कायमचे लोहचुंबक असतात आणि एक छोटं सर्किट स्थिर वेटोळ्यांना नेमक्या क्षणी वीज पुरवत राहतं. हे सगळं आम्ही जेवताना अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पंख्याचा रिमोट उचलून आपल्या खोलीत नेला. पहाटे गारवा वाढला की त्यांना पंखा कमी करावासा वाटे, पण दुखऱ्या गुडघ्यांनी उठणं जिवावर येई, म्हणून ते तसेच चादर ओढून पडून राहत. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. रिमोट उशाशी आल्यावर सांगितलं. बिलातली बचत नवऱ्याची, पंखा मात्र अण्णांचा.

घरघंटीची गोष्ट याहून मोठी आहे आणि मला तिच्यापाशी जरा थांबायचंय.

घरघंटी आणायचं ठरलं ते गिरणीच्या वेळा आणि आमच्या ऑफिसच्या वेळा जमेनात म्हणून. लहानशा कपाटासारखी दिसते. खाली चाकं, वर धान्य ओतायचं तोंड, आत एक अश्वशक्तीची मोटर, पीठ पडायला डबा आणि त्या डब्याला कापडी गाळणी, म्हणजे हवा बाहेर जाते आणि पीठ उडत नाही. पीठ बारीक हवं की जाड, ते आत कुठली जाळी बसवली त्यावर ठरतं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सुरुवातीला तिच्याकडे फिरकल्याही नाहीत. गिरणीवाल्याला त्यांचं दळण तोंडपाठ होतं, त्यालाच बरं कळतं असं त्यांचं म्हणणं.

त्यांना तिच्याकडे वळवलं ते बाजरीने. बाजरीत स्निग्धांश बराच असतो आणि ती दळली की तो हवेशी आणि धान्यातल्याच विकरांशी गाठ पडून लवकर खवट होतो. म्हणून बाजरीचं पीठ थोड्याच दिवसांत कडवट लागायला लागतं. गिरणीत किलो-दोन किलोच्या खाली दळण न्यायला संकोच वाटतो, आणि आठवड्यातून एकदा भाकरी करणाऱ्या घरात तेवढं पीठ ताजं असताना संपत नाही. एका संध्याकाळी आईंनी चार भाकऱ्यांपुरतीच बाजरी घरघंटीत टाकून बघितली. पीठ अजून कोमट होतं तेव्हाच मळायला घेतलं. भाकरी थापताना कडेला एक चीर गेली नाही. तव्यावरून थेट ताटात, वर लोणी, शेजारी ठेचा. त्या दिवसापासून घरघंटीच्या जाळ्या कुठल्या डब्यात आहेत हे फक्त आईंना माहीत असतं.

मग त्यांनी तिच्याकडून अशी कामं करून घेतली जी आमच्या डोक्यातही आली नव्हती. लाडवाचं बेसन रवाळ लागतं, चकलीची भाजणी त्याहून बारीक, थालीपिठाची जरा भरड. गिरणीत हे सगळं सांगावं लागतं आणि मागे रांग असली की सांगणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. उपासाच्या दळणाचा तर वेगळाच घोर. आधी कुणाचे गहू पडले होते, त्याचं पीठ आपल्या राजगिऱ्यात आलं का, हे विचारायचं तरी किती वेळा? आता घरघंटी झटकून, पुसून, मूठभर वरी आधी फिरवून टाकली की आईंचं समाधान होतं. कुठल्या धान्याला कुठली जाळी, ते त्यांनी एका जुन्या डायरीत लिहून ठेवलं आहे. भाजणीत धने-जिरे किती आणि ते कितपत भाजायचे, हेही तिथे प्रथमच कागदावर आलं. आजवर त्यांच्या हातात असलेलं प्रमाण आता मला आणि माझ्या मुलीला वाचता येतं. यंत्र आलं आणि त्याच्यामुळे जुनी विद्या लिहिली गेली, हे मला त्या यंत्राच्या किमतीहून कितीतरी मोठं वाटतं.

यावर जात्याची आठवण काढणारे भेटतात. जात्यावरच्या ओव्या गेल्या, पहाटेची घरघर गेली, असं हळहळून सांगतात. ओव्यांचं धन किती मोठं होतं याची मला जाणीव आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून, सहकाऱ्यांच्या मदतीने एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि आज त्यातल्या पुष्कळ बायांच्या मूळ आवाजात ऐकायला मिळतात. ते काम प्रत्येक मराठी माणसाने ऐकावं असं आहे. पण त्या ओव्या ऐकताना कष्टही ऐकू येतात. उजाडायच्या आत उठायचं, मुठीमुठीने वैरण घालायची, एका हाताने खुंटा ओढत राहायचं आणि मग दिवसाचं काम सुरू करायचं. आईंनी लहानपणी आपल्या आजीबरोबर जातं ओढलेलं आहे. घरघंटीचं बटण दाबताना त्यांना जात्याचा विरह होत नाही, हे त्यांच्याच तोंडून ऐकलेलं सांगते. ओवी मात्र त्यांना येते, आणि घरघंटी चालू असताना त्या ती गुणगुणतात.

स्वयंपाकघरातली इंडक्शनची शेगडी मी आणली, गॅस अचानक संपला तर आधार म्हणून. तिची धनीण झाली माझी सहावीतली मुलगी. या शेगडीच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून वेगाने दिशा बदलणारी वीज गेली की बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्यामुळे भांड्याच्या बुडातच वीज खेळून ते तापतं. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये जे दाखवून दिलं त्यावर आमचा सकाळचा चहा होतो, हे तिला फारच आवडलं. भांडं मात्र लोहचुंबक चिकटेल असं हवं. मग फ्रीजवरचा लोहचुंबक काढून तिने घरातली झाडून सगळी भांडी तपासली. हिंडालियमची पातेली नापास, तांब्या-पितळेची नापास, स्टीलची काही पास आणि काही नापास, कारण सगळ्या स्टीलला लोहचुंबक चिकटत नाही. पास झालेल्या भांड्यांच्या बुडाला तिने खडूने खूण केली.

आणि मग माळ्यावरून आईंच्या सासूबाईंचा बिडाचा तवा निघाला. सपाट बुडाचा, जड, वर्षानुवर्षं वापरात नसलेला. लोहचुंबक त्याला असा घट्ट चिकटला की ओढून काढावा लागला. घरातल्या सगळ्यात नव्या शेगडीला सगळ्यात जुना तवा चालतो, याचा तिला झालेला आनंद मी विसरणार नाही. आईंनी तो तवा घासला, तेल लावून मंद आचेवर पुन्हा मुरवला. आता रविवारची धिरडी त्याच्यावर होतात. काचेवर तो फरफटवायचा नाही, उचलून ठेवायचा, हा नियमही मुलीनेच घातला आहे.

सगळ्याच वस्तू अशा रुळत नाहीत. मोबाइलवरच्या अ‍ॅपशिवाय न लागणारे दिवे एका परिचितांकडे पाहिले. त्यांच्या आई दिवेलागणीला अंधारात बसून मुलगा घरी यायची वाट बघत होत्या. भिंतीवरचं बटण दाबायचं नाही, नाहीतर सगळं बिघडतं, असं त्यांना बजावलेलं होतं. मला ते बघवलं नाही. ज्या वस्तूवर घरातल्या एकाच माणसाची सत्ता चालते ती कितीही हुशार असली तरी मी घेणार नाही. तसंच, जी उघडता येत नाही, जिचा झिजलेला भाग बदलून मिळत नाही, तीही नको. कुकरची रिंग, शिट्टी आणि वॉल्व कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात मिळतात म्हणून एकच कुकर घरात दोन पिढ्या टिकतो.

‘सुमीत’ मिक्सरचा तर जन्मच एका बिघाडातून झाला. मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे अभियंते होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांच्याकडचा परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकला नाही, मोटर जळाली. ओलं खोबरं, भिजलेली डाळ, सुक्या मिरच्या यांचा मारा सोसेल अशी मोटर मग माथुरांनी स्वतः बनवली आणि १९६०च्या दशकात ‘सुमीत’ मिक्सर बाजारात आला. पाट्यावर वाटण वाटणाऱ्या लाखो हातांना त्याने सोडवलं. बायकोची अडचण हा आपल्या शोधाचा विषय आहे असं एका अभियंत्याला वाटलं, याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो. आपल्याकडच्या शोधांच्या इतिहासात ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात यायला हवी.

आमच्या मिक्सरचा धनी सध्या अकरावीतला मुलगा आहे. मध्यंतरी भांडं फिरेना, मोटर मात्र फिरत होती. त्याने प्लग काढून मिक्सर उलटसुलट बघितला आणि कपलरचे दाते झिजलेले शोधून काढले. कपलर हा मोटरच्या दांड्यावर बसणारा छोटा भाग. भांड्यात काही अडकलं तर आधी त्याचे दाते जातात आणि मोटर वाचते. काही रुपयांचा असतो, पण काढताना बरेच जण फसतात, कारण पुष्कळ मिक्सरमध्ये त्याचे आटे उलटे असतात. नेहमीसारखा डावीकडे फिरवला तर तो अधिकच घट्ट बसतो. खालून दांडा धरायचा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा, म्हणजे सुटतो. मुलाने हे दुरुस्तीच्या दुकानात उभं राहून, त्या काकांना विचारून शिकून घेतलं. काकांनीही हातातलं काम थांबवून त्याला करून दाखवलं.

ही बातमी जिन्यातून खाली जायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरच्या काकूंचा मिक्सर या रविवारसाठी त्याच्या टेबलावर येऊन बसला आहे, आणि त्या मापाचा कपलर त्याने कालच आणून ठेवलाय.