स्वल्प तड्री, माव!

आमच्या दिवाणखान्यात तीन फुटांची काचेची टाकी आहे. नात पहिलीत असताना आणलेले गप्पी आणि प्लॅटी, शिवाय त्यांची पिलावळ, असे 14 मासे तिच्यात होते. 2023 साली नातीच्या वाढदिवसाला मी दोन काळे मॉली आणले. आमची सूनबाई धारवाडची. ती म्हणाली, "स्वल्प तड्री, माव. थोडे दिवस वेगळे ठेवूया." मी म्हटलं, "अगं, मासेच ते! त्यांना कसली वेगळी खोली?" पिशवी घटकाभर पाण्यावर तरंगत ठेवली आणि पाण्यासकट मासे टाकीत सोडले.

पाचव्या दिवशी मॉलीच्या परांवर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. मग बाकीचे मासेही दगडांवर अंग घासू लागले. औषध आणेपर्यंत उशीर झाला होता. जुन्या 14 पैकी तीनच वाचले. नात रडली नाही. एवढंच म्हणाली, "अव्वा म्हणाली होती ना, अज्जा?"

या रोगाला व्हाइट स्पॉट म्हणतात. त्याचा परजीवी माशाच्या कातडीत शिरून वाढतो, तिथं औषध पोचत नाही. पोट भरलं की तो मासा सोडतो, तळाशी पुटी करून बसतो आणि एकाचे शेकडो होतात. ते नवा मासा शोधत पोहत असतात, तेवढ्या वेळातच औषध त्यांना मारतं. 25 अंशांच्या पाण्यात ही फेरी साधारण आठवड्याभरात पुरी होते. पाणी गार असेल तर लांबते. म्हणून दुकानात ठणठणीत दिसणारा मासा घरी आल्यावर रोग दाखवतो. चार दिवसांनी भागत नाही, नवे मासे चार आठवडे वेगळे ठेवावेत.

त्यासाठी खर्च फार नाही. 30 लिटरचा झाकणाचा प्लास्टिकचा टब पुरतो. त्यात स्पंजचा फिल्टर लावावा, पण तो आधी महिनाभर मोठ्या टाकीतच चालू ठेवावा. माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया पचवणारे जीवाणू त्यात वस्ती करतात. वाळू-गोटे नकोत, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा द्यावा. आपल्या बेळगावच्या थंडीत हीटर हवाच. नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवून दर दोन दिवसांनी पाव हिस्सा पाणी बदलावं. जाळी, बादली, नळी टबासाठी वेगळी ठेवावी. खाणं आधी मोठ्या टाकीत घालावं, मग टबात. नंतर हात धुऊन कोरडे करावेत. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नये. रोग दिसल्याशिवाय औषधही घालू नये.

माणसांनी हे फार पूर्वीच ओळखलं होतं. 1377 साली रागुसा बंदरानं, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकनं, प्लेगच्या गावांहून येणाऱ्यांना 30 दिवस बाहेर थांबवलं. पुढे हे दिवस 40 झाले, आणि इटालियन भाषेतल्या त्या 'चाळीस'वरून क्वारंटाइन हा शब्द आला.

2024 च्या दिवाळीत मी चार प्लॅटी आणले आणि थेट टबात सोडले. नवव्या दिवशी एकावर ठिपके उठले. पाणी हळूहळू 28 अंशांवर नेलं, औषधाचा पूर्ण कोर्स केला. तो एक गेला, तिघं वाचली. मोठ्या टाकीतल्या जुन्या तिघांना मात्र काहीच झालं नाही. शेवटचा ठिपका गेला त्या दिवसापासून नातीनं चार आठवडे पुन्हा मोजले, रोज कॅलेंडरवर फुली मारत. अठ्ठाविसाव्या दिवशी ती जाळी घेऊन उभी राहिली, "अज्जा, ईग बिडु!"

मी म्हटलं, "स्वल्प तडी. आधी अव्वाला विचारून ये."