भिंतीतला अदृश्य आधार

मांडणी, तसबीर किंवा घड्याळ भिंतीवर टिकून असते, तोवर त्याच्या आधाराकडे कोणाचे लक्ष जात नाही. विटांच्या भिंतीत नुसता ठोकलेला खिळा मात्र भोवतालचा गिलावा फोडतो आणि भाराने हळूहळू सैल होतो.

या अडचणीवर इंग्लंडमध्ये जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तागाच्या तंतूंचा प्लग शोधला. ‘रॉलप्लग’ हे नाव त्यांच्यावरूनच पडले. पुढे १९५८ साली जर्मनीचे आर्तुर फिशर यांनी नायलॉनचा प्लग तयार केला. कुलूपकामाचे शिक्षण घेतलेल्या या कारागिराच्या नावावर पुढे अकराशेहून अधिक शोधांचे हक्क नोंदले गेले.

प्लगची युक्ती साधी आहे. स्क्रू आत शिरताच तो फुगतो, छिद्राच्या कडांना घट्ट दाबतो आणि त्या घर्षणावर भार पेलतो. म्हणून ८ मिलिमीटरच्या प्लगसाठी छिद्रही ८ मिलिमीटरचेच हवे. ते गिलाव्यापलीकडे, पक्क्या विटेत जावे आणि आतील भुकटी काढलेली असावी. नुसत्या गिलाव्यात बसवलेला प्लग कधी निसटेल, याचा नेम नसतो. मांडणीखाली तर बहुधा घरातील मूलच खेळत असते.

व्यापारात पत डोळ्यांना दिसत नाही, तरी सारा व्यवहार तिच्यावर उभा असतो. भिंतीतील या चिमुकल्या वस्तूचेही तसेच आहे. चार रुपये वाचवण्याची जागा ही नव्हे.