नातवंडांच्या नांवची हुंडी

आजची निकड भागविण्यासाठीं उद्याच्या उत्पन्नावर हुंडी काढणें हा व्यवहार जगांत नवा नाहीं. परंतु ती ज्याच्या नांवें काढावयाची त्याची संमति असावी, आणि संमति देण्याइतकें त्याचें वय नसेल तर निदान रक्कम केवढी व मुदत कोणती हें तरी कागदावर स्पष्ट लिहिलेलें असावें, एवढी सचोटी कोणत्याहि पेढीवर पाळली जाते. एका संबंध राष्ट्रानें ही सचोटी पाळावी कीं नाहीं, असा प्रश्न दक्षिण कोरियाच्या सांविधानिक न्यायालयापुढें आला होता. दि. २९ ऑगस्ट २०२४ रोजीं त्या न्यायालयानें दिलेला निर्णय आमच्या वाचकांपैकीं थोड्यांच्याच नजरेखालून गेला असेल. परंतु ज्या घरांत आजोबा आणि नातू एका पंक्तीस जेवावयास बसतात, त्या घरांत तरी त्याची चर्चा व्हावी अशी आमची इच्छा आहे.

प्रथम त्या देशाची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. दक्षिण कोरियाचें क्षेत्रफळ सुमारें एक लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एकतृतीयांश. लोकसंख्या सव्वापांच कोटींच्या आंत. देशांत खनिज तेल जवळजवळ नाहींच. लागणाऱ्या ऊर्जेपैकीं नऊदशांशांहून अधिक परदेशच्या इंधनावर अवलंबून आहे. १९५० ते १९५३ च्या युद्धानें उद्ध्वस्त झालेल्या या देशानें पुढील दोन पिढ्यांत पोलाद, जहाजें, मोटारी आणि विजेचीं सूक्ष्म उपकरणें यांच्या जोरावर जी संपत्ति मिळविली, तिचें कौतुक करावें तेवढें थोडें. पोहांग येथील पोलादाचा कारखाना १९७३ सालीं सुरू झाला. त्याच पोस्को कंपनीचा एक कारखाना आज आपल्या रायगड जिल्ह्यांत, माणगांव तालुक्यांत, चालू आहे. परंतु हें वैभव मुख्यतः बाहेरून आणलेल्या कोळशावर व तेलावर उभें राहिलें. तीं जाळल्यानें निघणारा कर्बवायु हवेंत सांचून पृथ्वीची उष्णता वाढत जाते. लाभ एका पिढीनें भोगावा आणि ताप दुसरीनें सोसावा, असा हा व्यवहार आहे.

कोरियाच्या राज्यकर्त्यांस याची जाणीव नव्हती असें नाहीं. ऑक्टोबर २०२० मध्यें राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांनीं २०५० सालापर्यंत देशाचा कर्बवायु निव्वळ शून्यावर आणण्याची घोषणा केली. निव्वळ शून्य म्हणजे जेवढा वायु सोडावा तेवढाच जंगलांनीं वा अन्य उपायांनीं शोषला जावा. पाठोपाठ २०२१ सालीं कायदा झाला आणि मार्च २०२२ मध्यें तो अंमलांत आला. २०१८ सालच्या मानानें २०३० पर्यंत निदान ३५ टक्के घट करावी असें कायद्यानें सांगितलें, व त्याखालील नियमांनीं तो आंकडा ४० टक्के ठरविला. पहिला हप्ता ठरला; शेवटची तारीखहि ठरली. परंतु २०३१ पासून २०४९ पर्यंतच्या एकोणीस वर्षांत कोणत्या सालीं किती फेड करावयाची, याविषयीं कायद्यांत एकहि आंकडा नव्हता.

न्यायालयाचें दार प्रथम ठोठावलें तें मुलांनीं. नवा कायदा होण्यापूर्वींच, मार्च २०२० मध्यें, एकोणीस किशोरवयीन मुलामुलींनीं सरकारविरुद्ध अर्ज केला होता. २०२२ सालीं ६२ बालकांच्या नांवें दुसरा एक अर्ज दाखल झाला; त्यांतील पुष्कळशीं पांच वर्षांच्या आंतलीं होतीं, आणि एक तर अद्यापि मातेच्या उदरांतच होतें. असे चार अर्ज एकत्र करण्यांत आले. अर्जदारांची एकंदर संख्या २५५ झाली. २०२४ च्या एप्रिल व मे महिन्यांत त्यांची जाहीर सुनावणी झाली.

कोरियाच्या राज्यघटनेचें ३५ वें कलम प्रत्येक नागरिकास निरोगी व सुखकर परिसरांत राहण्याचा हक्क देतें. नवांहि न्यायाधीशांनीं एकमतानें असें ठरविलें कीं, २०३१ नंतरच्या वर्षांचें कसलेंच प्रमाण न ठरवितां कायदा मोकळा सोडणें म्हणजे या हक्काचें पुरेसें संरक्षण न करणें होय. अशा मूलभूत गोष्टी खात्यांच्या मर्जीवर न ठेवतां विधिमंडळानें स्वतः ठरविल्या पाहिजेत. त्यांनीं दिलेलें कारण आम्हांस विशेष मननीय वाटतें. पुढील पिढ्यांस आजच्या मतदानांत भाग घेतां येत नाहीं. म्हणून त्यांच्याविषयीं विधिमंडळाची जबाबदारी कमी न होतां अधिकच वाढते. कलम एकाएकीं रद्द केलें तर जें थोडें बंधन आहे तेंहि जाईल, यास्तव न्यायालयानें दि. २८ फेब्रुवारी २०२६ ही मुदत घालून तोंपर्यंत कायदा सुधारण्यास सांगितलें.

हा विचार आमच्या वाचकांस परका वाटण्याचें कारण नाहीं. मिताक्षरेप्रमाणें वडिलोपार्जित मिळकतींत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो, आणि वांटणीच्या वेळीं गर्भांत असलेल्या जिवाचाहि वांटा बुडवितां येत नाहीं. २००५ सालच्या दुरुस्तीनें हा जन्मसिद्ध हक्क मुलींसहि मिळाला. एकत्र कुटुंबाचा कर्ता झाला तरी कुटुंबाच्या खऱ्या गरजेवांचून अथवा हितावांचून त्यास मिळकत गहाण टाकण्याचा अधिकार नाहीं. घरच्या चार बिघे जमिनीविषयीं जो न्याय आपण शतकानुशतकें मानीत आलों, तो हवा, पाणी व ऋतुमान यांस लावण्याचें धैर्य मात्र अलीकडचें आहे. जर्मनीच्या न्यायालयानें २०२१ सालीं याच धर्तीचा निकाल दिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंहि मार्च २०२४ मध्यें, माळढोक पक्षी व विजेच्या तारा यांच्या प्रकरणांत, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क घटनेच्या १४ व्या व २१ व्या कलमांत अंतर्भूत असल्याचें सांगितलें.

अर्जदारांचें सर्वच म्हणणें मान्य झालें, असें मात्र नव्हे. ४० टक्क्यांचा आंकडा अपुरा आहे ही तक्रार न्यायालयानें फेटाळली. याच आंकड्याच्या हिशेबांत एक गोम होती. २०१८ चा आंकडा ७२·७६ कोटी टन हा ढोबळ धरला, म्हणजे जंगलांनीं शोषलेला वायु त्यांतून वजा केला नाहीं. आणि २०३० चें लक्ष्य ४३·६६ कोटी टन हें मात्र निव्वळ, वजावट करून, धरलें. दोन्हीकडे निव्वळ आंकडा घेतला असतां घट ४० च्या ऐवजीं सुमारें ३६ टक्केच भरते. जमेच्या बाजूस एक माप आणि खर्चाच्या बाजूस दुसरें माप लावणाऱ्या कारकुनास आपण दुकानीं ठेवणार नाहीं. या हिशेबावर उभारलेली सरकारी योजना घटनाबाह्य आहे असें पांच न्यायाधीशांचें मत पडलें. परंतु तसा निर्णय होण्यास सहा मतें लागतात, म्हणून एका मतानें ती बचावली.

दुसरी बाजूहि न्यायानें मांडली पाहिजे. कोळशाचीं वीजघरें बंद झालीं तर तेथील कामगारांनीं जावें कोठें? पोलाद महागलें तर जहाजें कोण घेईल? हे प्रश्न पोटाचे आहेत, आणि त्यांस उत्तर न देतां नुसता उपदेश करणें निर्दयपणाचें होईल. परंतु स्वस्ताईचा मोह किती महाग पडतो हेंहि कोरियानेंच दाखविलें आहे. २०२१ व २०२२ सालीं इंधनाचे भाव भडकले असतां सरकारनें विजेचे दर त्या मानानें वाढूं दिले नाहींत. परिणामीं सरकारी मालकीच्या वीज कंपनीच्या डोक्यावरील देणें २०२३ सालीं दोनशें लाख कोटी वॉनच्या वर गेलें. लोकांचें बिल कमी आलें खरें. बाकी मात्र कंपनीच्या वहींत राहिली, आणि ती व्याजासह कोणास तरी भरावीच लागणार.

आतां या वहीकडे बाहेरचा व्यापारीहि डोकावूं लागला आहे. युरोपीय संघानें ऑक्टोबर २०२३ पासून आयात पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतें इत्यादि मालामागें किती कर्बवायु निघाला याचा हिशेब मागण्यास आरंभ केला, व १ जानेवारी २०२६ पासून त्यावर प्रत्यक्ष आकार लागू केला. माल बनविणाऱ्या देशांत त्या वायूबद्दल जी किंमत भरली असेल तेवढी सूट मिळते. कोरियांत कारखान्यांस वायु सोडण्याचे परवाने देऊन त्यांची खरेदीविक्री करण्याची पद्धत जानेवारी २०१५ पासून आहे. परंतु बहुतेक परवाने फुकट वांटले गेल्यामुळें त्यांस फारशी किंमत राहिली नाहीं. जो कर घरीं घेतला असता तर घरच्या कामगारांच्या उपयोगीं पडता, तो न घेतल्यानें परक्याच्या तिजोरींत जाऊं पाहतो. भारतांतून युरोपांत जाणाऱ्या पोलादासहि हाच नियम आहे. म्हणून कोरियाचा धडा आपणांस दूरचा नाहीं.

निकालानंतर कांहीं पावलें पडलीं आहेत. १ ऑक्टोबर २०२५ रोजीं हवामान, ऊर्जा व पर्यावरण यांचें एकच मंत्रालय स्थापन झालें. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत सरकारनें २०३५ पर्यंत २०१८ च्या मानानें ५३ ते ६१ टक्के घट करण्याचें लक्ष्य ठरविलें, आणि त्याच महिन्यांत ब्राझीलमधील बेलेम येथील परिषदेच्या वेळीं कोळसा सोडूं पाहणाऱ्या राष्ट्रांच्या मंडळांत कोरियानें प्रवेश केला. हें स्वागतार्ह आहे. तरी '५३ ते ६१' अशी रक्कम लिहिलेली हुंडी कोणत्या पेढीनें स्वीकारली असती, हें आम्हांस समजत नाहीं.

आपल्याकडे निवडणुकी येतात, फुकट विजेचीं व स्वस्त इंधनाचीं आश्वासनें दिलीं जातात, आणि घरोघर त्यांची वाहवा होते. अशा वेळीं सभेंत उठून एवढेंच विचारावें कीं, यांतील बाकी कोणत्या सालीं व कोणी फेडावयाची? कोरियांतील शाळकरी मुलांनीं हा प्रश्न विचारला, चार वर्षें चिकाटीनें त्याचा पाठपुरावा केला, आणि देशाच्या सांविधानिक न्यायालयाकडून त्याचें उत्तर मिळविलें. आमच्या घरांतील वडील मंडळींनीं तो मुलांनीं विचारण्याची वाट पाहूं नये, एवढीच आमची विनंति आहे.